ऋणमुक्तीच्या उंबरठ्यावर

(संस्थेच्या वार्षिक सभेत दिलेले व्याख्यान)



ज्ञातीच्या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावे, नव्या उद्योगांचे अभिनंदन व्हावे, हे योग्यच आहे. परंतु घरातील कर्ता पुरुष कर्जात बुडाला म्हणून जी कुटुंबे आज या मंडपात येण्यास संकोचली, त्यांच्याविषयीही कोणी चार शब्द बोलले पाहिजेत. ती संधी कार्यकारी मंडळाने मला दिली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे.

दिवाळे निघाले की माणूस जन्माचा बुडाला, अशी आपल्याकडे समजूत आहे. कायद्याची दृष्टी तशी नाही. ज्याने आपले सर्वस्व धनकोंपुढे उघड मांडले, त्याला काही काळानंतर पुनश्च उभे राहू द्यावे, हे नादारीच्या कायद्याचे सूत्र होय. मात्र ही सुटका खरे सांगणाऱ्यालाच पुरती लाभते. आजच्या विवेचनाचे सार एवढेच आहे.

प्रथम आपल्याला कोणता कायदा लागू आहे हे पाहावे. मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांकरिता १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा, असे दोन जुने नादारी कायदे आहेत. २०१६ च्या नव्या संहितेतील व्यक्तींच्या दिवाळखोरीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता अमलात आला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ती योजना वैध ठरविली. चुलत्याच्या वा मेहुण्याच्या कंपनीसाठी विश्वासाने सही करणारे अनेक जण आपल्या समाजात आहेत. त्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

१९२० च्या कायद्यान्वये सुटका आपोआप होत नाही. नादार ठरविताना न्यायालय मुदत नेमून देते आणि त्या मुदतीत सुटकेचा अर्ज नादारानेच करावयाचा असतो. तो न केल्यास नादारीचा हुकूमच रद्द होण्याची वेळ येते आणि धनको पुन्हा दाराशी उभे राहतात. अर्जाच्या सुनावणीत न्यायाधीश काय पाहतात? मालमत्तेतून रुपयामागे आठ आणे तरी निघतात काय. न निघाल्यास तो दोष खरोखर नादाराचा आहे काय. मागील तीन वर्षांची रोजकीर्द व खतावणी नीट ठेवली होती काय. सट्टा, जुगार वा उधळपट्टी झाली काय. एखाद्याच धनकोला झुकते माप दिले काय. काही लपविले काय. यांपैकी एखादा दोष सिद्ध झाला, तर विनाअट सुटका मिळत नाही. ती नाकारली जाते, लांबणीवर पडते किंवा अटींनी बांधली जाते. आपल्या पूर्वजांनी वहीखात्याला देवासारखे का पूजले, याचे उत्तर या प्रश्नावलीत आहे.

नव्या संहितेची रीत निराळी आहे. येथे सुटकेचा अर्ज दिवाळखोरीचा विश्वस्त करतो: दिवाळखोरीच्या आदेशापासून एक वर्ष पूर्ण झाल्यावर, किंवा त्याआधीच मालमत्तेची विक्री-वाटणी आटोपून धनकोंच्या समितीने तिला मान्यता दिली असल्यास त्या मान्यतेपासून सात दिवसांच्या आत. लवकर सुटका म्हणतात ती हीच. ती विनवण्यांनी मिळत नाही. विश्वस्ताचे काम लवकर संपण्यावर ती अवलंबून असते. म्हणून त्याने मागितलेला प्रत्येक कागद वेळेवर देणे, हाच तिचा राजमार्ग होय.

शेवटच्या महिन्यांत मोह फार होतात. नात्यातल्या धनकोचे पैसे गुपचूप फेडावेत, वारशाने आलेला जमिनीचा तुकडा सांगू नये, असे वाटू लागते. तसे कदापि करू नये. नवी मिळकत आली वा उत्पन्न वाढले, तर सात दिवसांत विश्वस्ताला कळवावे लागते. आदेश होईपर्यंत कंपनीचे संचालकपद नाही, कोणत्याही न्यासाचे विश्वस्तपद नाही, निवडणूक नाही आणि परवानगीवाचून परदेशगमनही नाही. तथापि कामाची हत्यारे, घरातील गरजेच्या वस्तू आणि धर्माचाराने अंगावेगळा करता न येणारा ठराविक किमतीपर्यंतचा दागिना, या चिजा गहाण नसल्यास धनकोंच्या वाटणीत जात नाहीत. माताभगिनींनी हे जाणून असावे.

आदेश हाती आला की दिवाळखोरीतील ऋणे संपतात आणि वर सांगितलेले निर्बंध गळून पडतात. पण सर्वच देणी संपत नाहीत. फसवणुकीने वा विश्वासघाताने केलेले कर्ज, न्यायालयाचा दंड, पोटगी आणि नव्या संहितेखाली शैक्षणिक कर्जही शिल्लक राहते. जुन्या कायद्याखाली मूळ ऋणको सुटला तरी त्याचा भागीदार वा जामीन सुटत नाही. शिवाय नव्या संहितेत सुटकेनंतरही विश्वस्ताला सहकार्य करण्याचे कर्तव्य उरते; म्हणून आदेश मिळताच कागदपत्रे अडगळीत टाकू नयेत.

पुत्रांच्या मनातील एक भीतीही दूर केली पाहिजे. पित्याचे ऋण पुत्राने फेडणे हे धर्मकर्तव्य आहे, एवढ्याच कारणावरून ९ सप्टेंबर २००५ नंतर केलेल्या कर्जासाठी न्यायालय पुत्राविरुद्ध वसुली मान्य करीत नाही. वडिलांकडून वारशाने आलेल्या मिळकतीची गोष्ट अर्थात वेगळी.

बंधूंनो, कायदा माणसाला एका आदेशाने मुक्त करतो. ज्ञाती मात्र त्याला पिढ्यान्‌पिढ्या मुक्त करीत नाही. सोयरीक जुळविताना त्याच्या घरचे दिवाळे उकरून काढले जाते, पंक्तीत कुजबूज होते. जो सचोटीने सुटला, त्याला विश्वस्तपद स्वीकारण्याची मुभा कायदा परत देतो. आपण ती का नाकारावी? मंडळाला माझी नम्र सूचना अशी की, अडचणीतील बांधवांना हिशेब जुळविण्यास साहाय्य करणारी तीन-चार जाणत्या गृहस्थांची समिती नेमावी, आणि जामिनकीची सही करण्यापूर्वी तरुणांनी तिचा सल्ला घ्यावा.

ज्यांच्या सुटकेचा दिवस जवळ आला आहे, त्यांना एवढेच सांगतो: वह्या उघड्या ठेवा, कोणापासून काही लपवू नका, आणि पुढील वर्षी सहकुटुंब या मंडपात या.