इन्शुलिनवर वाढणारीं मुलें

मी डॉक्टर नाहीं. मॅट्रिक होऊन अध्यापकाची सनद घेतली आणि मलकापुरांत व आसपासच्या खेड्यांत मुलांना अंकगणित शिकविण्यांत छत्तीस वर्षें घालविलीं, एवढीच माझी योग्यता. तेव्हां मधुमेहासारख्या विषयावर बोलण्याचा तुम्हांला अधिकार काय, असें कोणीं विचारलें तर तो प्रश्न रास्तच होईल. त्याचें उत्तर म्हणून मला दोन मुलांची हकीकत सांगावी लागेल. एक माझा विद्यार्थी होता. दुसरी माझी नात.

विद्यार्थ्याची गोष्ट सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची. सहावीच्या वर्गांत मागल्या बाकावर बसणारा, अंगानें काटक आणि हिशेबांत चांगला असा तो मुलगा. त्या वर्षीं दिवाळीच्या सुटीनंतर तो एकेका तासाला दोन दोन वेळां बाहेर जाण्याची परवानगी मागूं लागला. एकदां लघवीला, एकदां पाणी प्यायला. चार दिवस मीं दिली. पांचव्या दिवशीं मला वाटलें, हा अभ्यास टाळतो आहे. मीं परवानगी तर दिली नाहींच, उलट तास संपेपर्यंत त्याला उभें केलें. त्याची चड्डी ओली झाली आणि वर्ग हंसला. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेंत आला नाहीं. लाजेनें येत नसेल, असें मी समजलों. दहाबारा दिवसांनीं कळलें कीं तो वारला. कोणी म्हणे पोटांत दुखून ओकाऱ्या झाल्या, कोणी म्हणे बाहेरची बाधा झाली. शेवटीं श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालत होता, एवढें मात्र त्याच्या चुलत्यानें मला सांगितलें.

नातीची गोष्ट चार वर्षांपूर्वींची. ती तेव्हां सात वर्षांची होती. वैशाख चालू होता, आणि मलकापूरचा वैशाख ज्यांना माहीत आहे त्यांना मुलें पाणी फार पितात याचें नवल वाटणार नाहीं. घरांतील सर्वांनीं तहानेचा दोष उन्हाला दिला. परंतु ती रात्रींहि उठून तांब्या रिकामा करूं लागली, कधीं नव्हे तें अंथरूण ओलें होऊं लागलें, फ्रॉक खांद्यावरून घसरूं लागला. न्हाणीघरांत मुंग्या कां लागतात, असें सूनबाईनें सहज विचारलें, तेव्हां मला तो मागल्या बाकावरचा मुलगा दिसला. त्याच दुपारीं रक्त तपासलें. साखर चारशें ऐंशी निघाली. रात्रीं अकोल्याच्या रुग्णालयांत नेलें. आणखी दोन दिवस घरीं ठेवली असती तर अवघड होतें, असें तेथले डॉक्टर म्हणाले. मी त्यांना त्या जुन्या विद्यार्थ्याची लक्षणें सांगून बसलों. इतक्या वर्षांनंतर निश्चित कांहीं सांगतां येत नाहीं मास्तर, असें ते म्हणाले. हें ते माझ्या समाधानासाठीं म्हणत आहेत, हें मला कळत होतें.

मधुमेह म्हटला कीं आपल्यासमोर पन्नाशी उलटलेला, चहांत साखर न घेणारा गृहस्थ उभा राहतो. त्याच्या आणि या मुलांच्या दुखण्याचें नांव एक असलें तरी कारण निराळें. जठराच्या मागें स्वादुपिंड नांवाची ग्रंथि असते. तिच्यांतील कांहीं पेशी इन्शुलिन तयार करतात, आणि रक्तांतील साखर शरीराच्या उपयोगीं पडण्यास तें लागतें. प्रौढांच्या मधुमेहांत बहुधा इन्शुलिन असतें, पण तें पुरें पडत नाहीं किंवा शरीर त्याला दाद देत नाहीं. म्हणून तेथें पथ्य, चालणें आणि गोळ्या यांवर पुष्कळ वर्षें भागतें. मुलांमध्यें बहुधा जो आढळतो त्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहांत शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच भ्रमानें आपल्या त्या पेशींचा नाश करते. मग इन्शुलिन बाहेरून टोचल्यावांचून गत्यंतर नसतें. मुलानें गोड फार खाल्लें म्हणून हें दुखणें होत नाहीं. आईच्या दुर्लक्षानेंहि होत नाहीं. आमच्या सूनबाईला हें वाक्य मीं किती वेळां ऐकविलें असेल! तरी ती पहिलें वर्षभर आपलाच अपराध शोधीत होती.

हें इन्शुलिन कोठून आलें, तें थोडक्यांत सांगतों. १९२१ सालीं कानडांतील टोरोंटो येथें बँटिंग आणि बेस्ट यांनीं मॅक्लिओड यांच्या प्रयोगशाळेंत तें जनावरांच्या स्वादुपिंडांतून वेगळें काढलें. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याची पहिली सुई देण्यांत आली. ती फारशी लागू पडली नाहीं. मग कॉलिप या रसायनशास्त्रज्ञानें औषध अधिक शुद्ध केलें, आणि बारा दिवसांनीं दिलेल्या सुईनें मुलाच्या रक्तांतील साखर उतरली. त्यापूर्वीं अशा मुलांना अन्न तोडून, केवळ हाडांचा सांपळा करून थोडे दिवस जगविण्यापलीकडे वैद्यकाला कांहीं करतां येत नसे. थॉम्प्सन पुढें तेरा वर्षें जगला. बँटिंगचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. म्हणून जगांत तो मधुमेहदिन पाळतात. आपल्याकडे त्याच दिवशीं बालदिन असतो. आमच्या घरीं त्यामुळें एकाच दिवशीं दोन सण होतात, असें नात म्हणते.

आतां रोजच्या व्यवहाराकडे वळूं. तिला दिवसांतून चार सुया लागतात. तीन जेवणाखाण्यापूर्वीं आणि एक रात्रीं, सावकाश काम करणाऱ्या औषधाची. वर्षाच्या चौदाशें साठ झाल्या. त्याशिवाय बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेणें तितकेच वेळां, कधीं अधिक. आमच्या अनुभवांत साध्या इन्शुलिनपेक्षां या पट्ट्यांचाच खर्च अधिक बसतो. परंतु सुयांची मुलांना लवकर संवय होते. नऊ वर्षांची असतांनाच ती पोटावर स्वतः टोचून घेऊं लागली. एकाच जागीं टोचलें तर तेथें गांठ येते, म्हणून आज पोट, उद्यां मांडी, हा क्रमहि तिला पाठ आहे. कठीण आहे तो हिशेब. मी जन्मभर त्रैराशिक शिकविलें. इतक्या मजुरांना इतके दिवस, तर तितक्यांना किती? तेथें मजूर आजारी पडत नसत. येथें मात्र दीड भाकरी आणि वाटीभर वरणाला इतकें इन्शुलिन, हें उत्तर सोमवारीं बरोबर येतें आणि मंगळवारीं, खाणें तेंच असून, चुकतें. मंगळवारीं ती खो-खो खेळलेली असते, किंवा सर्दीची कणकण असते, किंवा परीक्षेची धास्ती असते. खेळानें उतरलेली साखर कधीं कधीं मध्यरात्रीं आणखी उतरते. म्हणून खेळाच्या दिवशीं सूनबाई रात्रीं दोनला गजर लावून उठते. आमरसाच्या दिवसांत तर आमचें घर गणिताचा वर्गच होतें. एकादशीचा साबुदाणा उपासाचा म्हणून हलका, असें पुष्कळांना वाटतें. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असून साखर भराभर चढवितो, हें मलाहि नातीमुळेंच कळलें.

साखर चढली तर तिचे परिणाम बहुधा हळूहळू होतात. उतरली तर घटका दोन घटकांचा प्रश्न असतो. सत्तरच्या खालीं आंकडा गेला कीं घाम सुटतो, हात कांपतात, मूल चिडतें किंवा अगदीं गप्प होतें. अशा वेळीं तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुनः तपासावें, आणि मग भाकरी किंवा बिस्किटें द्यावींत. चॉकलेट देऊं नये. त्यांतील स्निग्धांशामुळें साखर रक्तांत उशिरां उतरते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडांत पाण्याचा थेंबहि न घालतां तडक दवाखाना गांठावा.

दुसऱ्या वर्षीं तिच्या शाळेंत एक प्रसंग घडला. गणिताच्या तासाला ती पाटीवर भलतेंच लिहूं लागली. विचारलें तरी उत्तर देईना. बाईंना तो हट्ट वाटला. डब्यांतील साखर काढायला तिनें दप्तर उघडलें, तेव्हां वर्गांत खायचें नाहीं, असें त्यांनीं दटावलें. शेजारची मुलगी धीट, म्हणून ती रडत मुख्याध्यापकांकडे धांवली. घरीं सर्वजण त्या बाईंवर संतापले. मला संतापतां आलें नाहीं. मी दुसऱ्या दिवशीं शाळेंत जाऊन त्यांच्यापाशीं बसलों आणि माझ्या मागल्या बाकावरच्या मुलाची गोष्ट सांगितली. त्यानंतर फार बोलावें लागलें नाहीं.

हें एकट्या शाळेचें अज्ञान नव्हे. २०१७ सालीं केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेच्या दालनांत साखरेच्या गोळ्या, फळ आणि पाणी नेण्याची मोकळीक दिली. २०२३ सालीं उत्तर प्रदेश सरकारनें शिक्षकांना आदेश काढून वर्गांत साखर तपासणें, इन्शुलिन घेणें आणि मधल्या वेळीं खाणें यांस परवानगी देण्यास सांगितलें. आदेश निघतात हें चांगलेंच. पण तो कागद खेड्यांतील वर्गापर्यंत पोंचेतों मुलाचा घाम कोण ओळखणार?

नातेवाइकांचा उपद्रव निराळाच. मेथ्या, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, हें सर्व आमच्याकडे भेटीदाखल आलें आहे. कारल्याची भाजी खावी, त्याला माझी ना नाहीं. परंतु एका लग्नांत भेटलेल्या गृहस्थांनीं आमच्या मुलाला एका वैदूचा पत्ता दिला, आणि तीन महिन्यांत सुया सुटतील या आशेनें त्यानें दोन रात्रींचें औषध आम्हांला न सांगतां बंद ठेवलें. तिसऱ्या सकाळीं पोरीला ओकाऱ्या सुरू झाल्या आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास येऊं लागला. पुनः अकोला. बापाची माया आंधळी होते ती अशी. तापांत मूल जेवत नाहीं म्हणून सुई टाळणारींहि माणसें मीं पाहिलीं आहेत. तेंहि तितकेंच घातक. मात्रा डॉक्टरांना विचारून कमीजास्त करावी, पण या दुखण्यांत इन्शुलिन सर्वस्वीं थांबविणें कोणत्याहि दिवशीं चालत नाहीं.

आमच्या एका वडीलधाऱ्या आत्याबाईंचा सल्ला असा कीं मुलीची जात आहे, बाहेर बोलूं नका, उद्यां लग्नाचा प्रश्न येईल. त्यांचा हेतु वाईट नव्हता. पण ज्या घरांत दुखणें झांकलेलें असतें त्या मुलीला रस्त्यांत घाम सुटला तर तिच्या तोंडांत साखर कोण घालील? आम्हीं तें शेजाऱ्यांना, रिक्षावाल्याला, सर्वांना सांगून ठेवलें. लग्नाचें पुढें पाहूं.

इन्शुलिन सांभाळण्याविषयीं एकदोन गोष्टी, कारण आमच्या भागांत तो मोठाच प्रश्न आहे. न उघडलेली कुपी फ्रिजमध्यें दोन ते आठ अंशांवर ठेवावी. बर्फाच्या कप्प्यांत कधींहि नाहीं, कारण गोठलेलें औषध निकामी होतें. उन्हाळ्यांत वीज गेली कीं आम्ही जुन्या माठाला शरण जातों. माठाभोंवतीं ओलें फडकें, आंत कोरड्या डबीत कुपी, आणि जागा सावलींतली व वाऱ्याची. हा अडाणी उपाय नव्हे. केनियांतील दादाब येथील निर्वासितांच्या छावणींत डॉक्टरांनीं उष्णता मोजून घेतली आणि जिनिव्हा विद्यापीठानें औषध तपासलें. पंचवीस ते सदतीस अंशांच्या चढउतारांत चार आठवडे ठेवूनहि त्याची शक्ति टिकली, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. आणखी एक सावधगिरी. आपल्याकडे कुपी चाळीसच्या मापाचीहि मिळते आणि शंभरच्याहि. चाळीसच्या पिचकारीचें टोपण तांबडें, शंभरचीचें नारिंगी. कुपी एक आणि पिचकारी दुसरी असा घोटाळा झाला तर मात्रा अडीच पट चुकते. दुकानदार घाईत असतो. आपण वाचून घ्यावें.

ज्यांना खर्च झेपत नाहीं अशा मुलांसाठीं नागपुरांत डॉ. शरद पेंडसे यांनीं ड्रीम ट्रस्ट स्थापन केला. औरंगाबादेंत, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरांत, डॉ. अर्चना सारडा यांनीं 'उडान' ही संस्था उभी केली. इन्शुलिनबरोबर आईबापांना शिकविण्याचेंहि काम या संस्थांनीं केलें आहे. आमच्या रेल्वेमार्गावर नागपूर आहे हें सोयीचें, पण ज्या मजुराचा दिवस बुडतो त्याला तेंहि लांबच.

नात आतां अकरा वर्षांची आहे. त्या बाईंनीं आपल्या टेबलाच्या खणांत साखरेचा एक डबा ठेवला असून, बाहेर जाण्याची परवानगी कोणालाहि विचारावी लागत नाहीं असा नियम त्यांनीं वर्गापुरता केला आहे. मागल्या महिन्यांत एकदां तिला साखर लागली तेव्हां डबा रिकामा निघाला. चौकशी करतां कळलें कीं मधल्या सुटींत निम्मा वर्ग रोज चिमूट चिमूट औषध घेत होता. तेव्हांपासून आम्ही दोन डबे देतों. एक तिच्यासाठीं आणि एक वर्गासाठीं.