अनेक यंत्रें, एक खातें

बँकेच्या एका खात्यांत ५,००० रुपये शिल्लक आहेत. पतीनें एका गांवाहून आणि पत्नीनें दुसऱ्या गांवाहून एकाच क्षणीं चार-चार हजार मागितले, अशी कल्पना करावी. बँकेचीं गणकयंत्रें दोन. दोन्ही यंत्रांनीं शिल्लक वाचली, दोघांनाही ती पुरेशी दिसली, दोघांनींही रक्कम दिली. पांच हजारांच्या खात्यांतून आठ हजार गेले! हिशेब कोणाचाच चुकला नाहीं. एकच वही दोघांनीं एकदम उघडली, एवढेंच झालें.

मोठ्या बँकांचे व्यवहार ज्या प्रचंड गणकयंत्रांवर चालतात, त्यांना मेनफ्रेम म्हणतात. एका यंत्राला काम आवरेनासें झालें कीं शेजारीं दुसरें बसवावें लागतें. मग माहिती कोणाच्या ताब्यांत द्यावी? एक मार्ग वांटणीचा. तो सोपा खरा. पण एक यंत्र बंद पडलें कीं त्याच्या वांट्याचे सारे खातेदार अडतात. दुसरा मार्ग सामाईक डिस्कचा. त्यांत पूर्वीं लिहिणारें यंत्र पुष्कळदां सबंध डिस्कच अडवून धरी. एका ओळीसाठीं सारें दप्तर कुलुपांत!

१९९४ सालीं आयबीएम या अमेरिकन कंपनीनें ‘पॅरलल सिस्प्लेक्स’ ही रचना पुढें आणली. तींत ३२ पर्यंत प्रणाली एकत्र नांदूं शकतात. मध्यभागीं ‘कपलिंग फॅसिलिटी’ नांवाची जणूं गांवची चावडी असते. कोणतें कुलूप कोणाकडे आहे आणि कोणत्या नोंदीची नक्कल कोणाजवळ आहे, हें तेथें लिहिलेलें असतें. सामाईक याद्याही तेथेंच राहतात. एका यंत्रानें नोंद बदलली कीं जुनी नक्कल बाळगणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या स्मृतींतील एक खूण पालटते. त्यासाठीं चालू काम थांबत नाहीं; नक्कल वापरण्यापूर्वीं यंत्र ती खूण पाहतें, आणि नक्कल शिळी असल्यास ताजी मागवितें. सर्वांचीं घड्याळेंही जुळलेलीं लागतात; नोंदींचा क्रम त्यांवरूनच ठरतो.

खरी कसोटी अपघाताच्या वेळीं लागते. नोंद अर्धवट बदलली असतां एखादें यंत्र बंद पडलें, तर त्याचीं कुलुपें तत्काळ मोडावींत असें वाटेल. पण डीबी-टू या माहितीव्यवस्थेंत बदलासाठीं घातलेलीं कुलुपें धनी गेल्यावरही तशींच राहतात. इतर खातीं बाकीचीं यंत्रें चालवितात. संशयित नोंदी मात्र रोजकीर्द पाहून दुरुस्त होईपर्यंत कोणासही उघडतां येत नाहींत. अडलेल्या खातेदाराला हा विलंब जाचतो. पण खोटी शिल्लक सांगण्यापेक्षां थोडें थांबविणें बरें, हाच या व्यवस्थेचा धर्म आहे.

आरंभींच्या त्या दांपत्यापैकीं एकाला आतां रुपये मिळतात. दुसऱ्याला क्षणभर थांबावें लागतें. मग खात्यांत हजारच उरले आहेत, हें खरें उत्तर मिळतें.