वाट्यातली तांबोशी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत मासेविक्री करणाऱ्या गटातील एका ताईंनी केलेले भाषण)

तायांनो, बचतीचा हिशोब झाला, आता मी जरा माशावर बोलते. तुमच्यातल्या निम्म्याजणी मासेच विकता, तुम्हाला मी काय शिकवणार! पण ही गोष्ट मलाही वीस वर्षं टोपली घेऊन बसून कळली नव्हती.

तांबोशी सगळ्यांना माहीत. पाठ हिरवट तपकिरी, पोटाकडे तांबूस. पुढचे सुळे असे, की जाळ्यातून सोडवताना बोट सांभाळावं लागतं. मालवण-देवगडकडे पाण्याखालच्या खडपात, कपारीत राहते. दिवसा आडोशाला, रात्री शिकारीला. लहान मासे, कोळंबी, कुर्ल्या, जे मिळेल ते खाते.

आता आपल्या खाडीत या. कांदळाच्या मुळांजवळ पाग टाकला, की कधी बोटभर मासा येतो. अंगावर उभे पट्टे, गालावर निळी रेघ. मी तो बोयांच्या वाट्यात टाकून द्यायचे. अहो, तेच तांबोशीचं पिल्लू! मोठी तांबोशी अंडी समुद्रात घालते, पण पिल्लं खाडीत येतात, मुळांत लपून वाढतात. वाढताना पट्टे पुसट होतात. मोठी झाली की खडपाची वाट धरतात.

हे कळलं आमच्या गटाने खाडीत पिंजरा टाकला तेव्हा. बोटुकली आली ती सगळी पट्ट्यांची. मी म्हटलं, आपल्याला फसवलं, ही तर वाट्यातली मासळी! चांगलं भांडण काढलं मी. काही महिन्यांनी पट्टे गेले आणि माझं तोंड बंद झालं. लहानमोठी एकत्र ठेवायची चूकही आम्ही केली. मोठ्यांनी लहान खाऊन टाकली. आता आकाराप्रमाणे वेगळी करतो.

चुलीसाठी कांदळ तोडायला 2005 पासून उच्च न्यायालयाची बंदी आहे, ते तुम्ही जाणताच. बारीक आसाच्या जाळ्याचं मात्र आपल्यालाच बघायला हवं. आमच्या गटाने ठरवलंय, पट्टेवालं पिल्लू जिवंत असलं तर परत पाण्यात. घरात पटवायला वेळ लागला. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही सोडलंत तर पुढचा पकडेल."

खोटं नाही ते. म्हणून पलीकडच्या काठावरच्या गटांना विचारायला मी आज उभी राहिले. खाडी एकच आहे. तुमच्या गटांचं काय म्हणणं, ते पुढच्या सभेत सांगाल का?