कच्ची आवृत्ति आणि एकट्याची तक्रार

संगणकाची कार्यप्रणाली सर्वांच्या हातीं देण्यापूर्वीं तिची कच्ची आवृत्ति कांहीं स्वयंसेवकांस वापरावयास देतात. ती मध्येंच बंद पडते, कधीं जोडलेला प्रिंटरहि ओळखीत नाहीं. दोष आधींच उघडे पडावे, हाच तिचा हेतु.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१४ सालीं ‘विंडोज इन्सायडर’ ही योजना याचसाठीं सुरू केली. तरीहि २ ऑक्टोबर २०१८ रोजीं विंडोज १० ची नवी आवृत्ति बाहेर पडली आणि कांहीं लोकांचीं कागदपत्रें व छायाचित्रें नाहींशीं झालीं. ज्यांनीं आपलें दप्तर संगणकांतच दुसऱ्या जागीं हलविलें होतें, त्यांची जुनी जागा या आवृत्तीनें आंतील वस्तूंसह पुसून टाकली. थोड्याच दिवसांत वांटप थांबवावें लागलें. तें पुनः सुरू झालें १३ नोव्हेंबरला.

नवल हें, कीं कांहीं परीक्षकांनीं हा दोष आधींच कळविला होता. परंतु अशा तक्रारी थोड्या होत्या, म्हणून त्या मागें पडल्या. पुढें कंपनीनें तक्रारीसोबत हानीची तीव्रता नोंदविण्याची सोय केली.

वर्गांतील चाळीस मुलें शाई फिकी म्हणतात आणि एकच म्हणतो, छपराची तुळई वांकली आहे. शहाणा शिक्षक आधीं वर पाहतो. परीक्षकांच्या तक्रारी मोजाव्या खऱ्या, पण त्याआधीं तोलाव्या. आणि कच्ची आवृत्ति घेणारानें आपल्या कागदांची एक नक्कल संगणकाबाहेर अवश्य ठेवावी. कार्यप्रणाली पुन्हां बसवितां येते. गेलेल्या माणसाचें एकुलतें छायाचित्र पुन्हां काढतां येत नाहीं.