वडीलमंडळींचे चालणेफिरणे
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगलप्रसंगी हे म्हातारपणाचे गाऱ्हाणे कशास, असे कोणी मनात म्हणेल. परंतु ज्यांच्या पावलांनी या देवळाची वाट मळली, त्यांतील कित्येक वडीलमंडळी आज घराच्या उंबरठ्याबाहेर येत नाहीत. ती सर्व आजारानेच अडली आहेत काय? आम्हांस तसे वाटत नाही. पुष्कळांना आपणच मायेने बसविले आहे.

वसईच्या वाडीत वाढलेल्या मनुष्यास निराळा व्यायाम कधी करावा लागला नाही. पहाटे मिस्साबलिदानास पायी जावयाचे, तेथे गुडघे टेकावयाचे व उठावयाचे, घरी येऊन पाणी शेंदावयाचे, केळीचा घड खांद्यावर घ्यावयाचा. यातच हातापायांची व तोलाची तालीम होई. पुढे पंप आला, नळ आला, मुले मिळवती झाली. "बाबा, आता स्वस्थ बसा," असे म्हणून मुलाने कोयता काढून घेतला व सुनेने कळशी. आमच्या घरीही हेच घडले. वर्षभरात वडिलांस बाकावरून उठताना दोन्ही हात टेकावे लागू लागले, आणि आम्ही त्यास 'वय' असे नाव देऊन मोकळे झालो!

वयाचा वाटा आहेच. तथापि न वापरल्याने होणारी हानी फार वेगाने होते. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, साठी उलटलेल्या निरोगी माणसांस केवळ १० दिवस बिछान्यावर ठेविले. तेवढ्यात त्यांच्या पायांचे मांस सरासरी सुमारे एक किलोने घटले.

गेलेले बळ परत येते काय? डॉ. मारिया फियातारोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन येथील एका वृद्धनिवासातील १०० जणांस घेऊन केलेला प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८७. ज्यांस आठवड्यातून तीन वेळा, १० आठवडे, पायांनी वजन उचलण्याची तालीम दिली, त्यांच्या स्नायूंची शक्ती दुपटीहून अधिक झाली व चालही वाढली. ज्यांस तालमीवाचून नुसते पौष्टिक पेय दिले, त्यांची शक्ती तशी वाढली नाही. दूध-अंडी अवश्य द्यावीत, पण ती चमच्याने भरवून पाय बळकट होत नसतात. अर्थात तेथे भार बेताबेताने वाढविला होता व शिकविणारा जवळ उभा होता, हे विसरू नये.

आपल्या घरी आरंभ बाकापासून करावा. भिंतीला टेकलेल्या भक्कम बाकावरून पाच वेळा उठावे व बसावे. प्रथम हात टेकून, जमू लागल्यावर हातांवाचून. छातीत दुखत असेल वा घेरी येत असेल, तर आधी डॉक्टरांस विचारावे. जे खरोखरीच अंथरुणास खिळले आहेत, त्यांच्याकडे ख्रिस्तप्रसाद घरी जातो, तो तसाच जावा. आमचे बोलणे त्यांच्याविषयी नाही.

महोत्सव समितीपाशी एक मागणे आहे. देवळाच्या पायऱ्यांस दोन्ही बाजूंनी हाती धरावयास कठडा करावा, आणि फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर सावलीत दोन बाक ठेवावेत. तरुणांनो, तुम्ही आजीला मोटारीतून थेट दाराशी उतरविता. तिला चालवत असेल तर फाटकापाशी उतरवा व तिच्या चालीने चाला. वेळ लागेल, घरून दहा मिनिटे आधी निघा.