झाडाखालची सभा आणि राज्यकारभार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेले भाषण)



आफ्रिकेचे नाव निघाले की लष्करी उठाव, दुष्काळ आणि यादवी यांचीच चित्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. ती सर्वस्वी खोटी नव्हेत. परंतु पन्नासाहून अधिक देशांच्या खंडाला एकाच मापाने मोजणे न्यायाचे नाही. म्हणून आज मी बोट्स्वाना या एकाच देशाविषयी बोलणार आहे. राज्यकारभार नेकीने चालला तर काय साधते आणि तरीही काय उरते, हे तेथे स्पष्ट दिसते.

३० सप्टेंबर १९६६ रोजी हा देश स्वतंत्र झाला. त्याच्यापाशी होते कालाहारीचे वाळवंट, गुरेढोरे आणि सुमारे १२ किलोमीटर डांबरी रस्ता. इंग्रजांनी येथला कारभार मुलखाबाहेरच्या मॅफेकिंग गावातून हाकला होता; त्यामुळे गॅबोरोन ही राजधानीसुद्धा नव्याने वसवावी लागली. १९६७ साली ओरापा येथे हिरे सापडले. हिऱ्यांपायी सिएरा लिओनमध्ये पुढे रक्त सांडले. येथे तसे घडले नाही. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या सरकारने त्याच वर्षी कायदा करून खनिजांवरील हक्क जमातींकडून राष्ट्राकडे आणला. ओरापा खुद्द खामांच्या जमातीच्या मुलखात होते. त्यागाचा प्रारंभ असा स्वतःच्या घरापासून झाला आणि त्या उत्पन्नातून शाळा, दवाखाने व रस्ते उभे राहिले.

दुसरे कारण पुरातन आहे. 'खोत्ला' म्हणजे गावची सभा; बहुधा मोठ्या झाडाच्या सावलीत भरणारी. राजा प्रजेमुळेच राजा होतो, अशी तेथली म्हण आहे. नव्या राज्याने ही सभा मोडली नाही. मंत्री आणि अधिकारी तेथे जाऊन धोरण समजावून देतात, लोकांचे ऐकून घेतात.

तरीही सारे आलबेल नाही. शतकाच्या अखेरीस एड्सने या देशाला ग्रासले. प्रौढांपैकी किमान एक चतुर्थांश बाधित होते. २००२ पासून सरकारने औषधोपचार मोफत सुरू केले, तेव्हा कोठे मृत्यूंचा ओघ आटला. हे शक्य झाले ते हिऱ्यांमुळे, तसेच चालत्या यंत्रणेमुळेही.

परंतु त्याच यंत्रणेने १९९७ आणि २००२ मध्ये कालाहारीच्या अभयारण्यातील सान या आदिवासींना बाहेर वसविले. शाळा, पाणी, दवाखाना यांची सोय करता यावी, असे कारण देण्यात आले. डिसेंबर २००६ मध्ये तेथल्याच उच्च न्यायालयाने, संमतीवाचून त्यांची जमीन हिरावणे बेकायदा ठरविले.

उभी हयात सरकारी फायलींत घालविलेल्या माझ्यासारख्याला हा भाग विशेष बोचतो. हेतू हितकर असू शकतो, टिपणी निर्दोष असू शकते. पण ज्यांच्यासाठी योजना आखली, त्यांचाच होकार घ्यावयाचा राहिला तर? सभा असणे पुरेसे नाही. सभेच्या कडेला कोण उभे आहे, हेही पाहावे लागते.

२०२४ मध्ये, ५८ वर्षे सत्तेवर असलेला पक्ष तेथे पराभूत झाला. मतमोजणी पुरी होण्यापूर्वीच राष्ट्राध्यक्ष मासिसी यांनी पराजय मान्य केला आणि सत्तांतर शांततेने पार पडले. झाडाखाली ऐकण्याची सवय कारभाऱ्यांनी सोडली नाही, तर उरलेले प्रश्नही सुटतील, असा मला भरवसा वाटतो.