बाळंतिणीचा आहार : सव्वा महिना आणि त्यानंतर

(मंडळाच्या महिला विभागात दिलेले व्याख्यान)



डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरे, मेथी, सुंठ, ओवा आणि बाळंतशोपा ही आपल्या आज्या-पणज्यांनी बाळंतिणीसाठी सिद्ध केलेली सामग्री होय. म्हैसूरला संसार थाटणाऱ्या मराठी गृहिणीला लवकरच उमगते की, शेजारच्या कन्नड घरातील ‘बाणंति’चे पथ्यही याच जातकुळीचे आहे. आपला डिंकाचा लाडू तेथे ‘अंटिन उंडे’ होतो, शेपू ‘सब्बसिगे’ होऊन ताटात येतो आणि गरम भातावर मिऱ्याचा ‘मेणसिन सारु’ वाढला जातो. भाषा दोन असल्या तरी कळवळा एकच आहे.

मात्र या परंपरेतील ग्राह्य कोणते आणि त्याज्य कोणते, याचा विवेक करणे आपले कर्तव्य आहे.

प्रसूतीत रक्त जाते, शरीराची झीज होते आणि लगेच स्तनपानाचा भार येतो. बाळासाठी आईला दररोज सुमारे पाऊण लिटर दूध निर्माण करावे लागते. म्हणून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली पहिल्या सहा महिन्यांसाठी दररोज ६०० कॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिने जादा सांगितली. नेहमीच्या जेवणाखेरीज दोन भाकऱ्या, वाटीभर दाट आमटी आणि पेलाभर दूध एवढी ही भर झाली. लाडवाने शक्ती मिळते, अळिवातून लोह मिळते. परंतु केवळ तुपागुळाने प्रथिनांची उणीव भरून निघत नाही. त्यासाठी डाळी, उसळी, दूध-दही आणि चालत असल्यास अंडी व मासे हवेत. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ज्या प्रांतात ‘रागी मुद्दे’ हे नित्याचे अन्न आहे, तेथे बाळंतिणीला कॅल्शियमसाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्यांना गरोदरपणी मधुमेह झाला असेल, त्यांनी मात्र गोडाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आता त्याज्य गोष्टी. बाळंतिणीचे पाणी तोडणे ही त्यांतील पहिली. आईच्या दुधात शंभरात सुमारे सत्त्याऐंशी भाग पाणीच असते. तिला तहानलेली ठेवून आपण कोणाचे हित साधतो? दुसरी, पहिला चीक टाकून देणे. बाळाचे रोगांपासून रक्षण करणारी द्रव्ये त्यातच विपुल असतात. तिसरी, ‘थंड’ म्हणून फळे आणि भाज्या वर्ज्य करणे. यामुळे मलावरोध वाढतो. चौथी, कोंदट खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवणे; तिचा विषारी वायू आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर उठू शकतो.

परंतु मला सर्वांत अधिक सलते ते निराळेच. सव्वा महिना संपला की लाडवांचा डबा रिकामा होतो, माहेरवाशीण सासरी परतते आणि सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले खाऊ लागते. स्तनपान तर त्यानंतरही पुष्कळ महिने चालणार असते! प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावयाच्या लोहाच्या गोळ्याही याच काळात विसरल्या जातात. त्या नेमाने घ्याव्यात, चहाबरोबर घेऊ नयेत आणि जेवणात लिंबू असावे.

आपल्याच या नगरीत १९५० साली चेलुवांबा प्रासादात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली आणि म्हशीच्या दुधापासून बालान्न तयार करण्याची पद्धती तिच्या शास्त्रज्ञांनी विकसित केली. २०१७ साली कर्नाटक सरकारने ‘मातृपूर्णा’ योजनेद्वारे अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण देण्यास प्रारंभ केला. विज्ञानाने आणि शासनाने आपापला वाटा उचलला; घरातील ताट मात्र आपणच वाढावयाचे आहे.

तेव्हा सासवांना आणि जावयांनाही माझी एकच विनंती आहे. तान्ह्या बाळाच्या आईचे पान निदान वर्षभर सर्वांच्या आधी मांडावे.